खाडा आणि हजेरी



दूधवाल्याचा हिशोब अजूनही पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतो. महिनाअखेरीस ते कॅलेंडर जरा निरखून पाहावं. दूध आलं त्या तारखेचा चौकोन कोरा असतो, आलं नाही त्या तारखेवर फुली असते. ३० दिवसांच्या महिन्यात दोन फुल्या असल्या, की दोन खाडे वजा करायचे आणि बाकीचे पैसे द्यायचे. ज्या २८ दिवशी कुणीतरी पहाटे उठून, पावसापाण्यात येऊन पिशवी दाराच्या कडीला अडकवून गेलं, त्या दिवसांवर पेनाची एक रेघही नसते. हिशोबासाठी ही पद्धत चोख आहे. पण माणसाचं मनही दिवसाची नोंद अशीच ठेवतं, आणि तिथे ती महागात पडते.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की आठवतात ते खाडेच. चुकलेली लोकल, साहेबांचं टोचून बोलणं, मुलाने न उचललेला फोन. वेळेवर आलेल्या गाड्या कुणाला आठवत नाहीत. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातल्या तोवरच्या संशोधनाचा धांडोळा घेऊन २००१ मध्ये एक मोठा लेख प्रसिद्ध केला. नाती, शिकणं, भावना, आठवणी, जवळपास सगळीकडे वाईट अनुभवाचं पारडं चांगल्यापेक्षा जड ठरतं, असं त्यात दिसून आलं. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. सुखाची संधी हुकली तर हळहळ वाटते. धोक्याची खूण हुकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून मन खाड्यांवर डोळा ठेवून असतं.

कृतज्ञतेची रोजनिशी म्हणजे मनाच्या या खाड्यांच्या वहीशेजारी ठेवलेली दुसरी वही. तिच्यात हजेरी मांडायची.

'कृतज्ञ' हा शब्दच मुळी नोंदीचा आहे. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. मराठीतही 'उपकाराची जाण ठेवणं' असंच म्हणतात. डोळे भरून येणं, हात जोडणं ही पुढची गोष्ट. आधी काय घडलं आणि कुणामुळे घडलं, हे माहीत असावं लागतं. आणि माहिती टिकवायची तर ती लिहून ठेवावी लागते.

अशा नोंदीचा एक जुना आणि फार सुंदर नमुना रोमच्या सम्राटाचा आहे. मार्कस ऑरेलियस याने इ. स. १६१ ते १८० या काळात राज्य केलं. त्यातली बरीच वर्षं डॅन्यूब नदीच्या आघाडीवर, लढाईच्या छावण्यांत गेली. त्या धामधुमीत तो ग्रीक भाषेत स्वतःपुरती टिपणं लिहीत असे. 'मेडिटेशन्स' या नावाने ती आज जगभर वाचली जातात. त्यांच्या पहिल्या भागात १७ परिच्छेद आहेत आणि तो सगळा भाग म्हणजे कुणाकडून काय मिळालं याची यादी आहे. आजोबांकडून शांत स्वभाव, आईकडून साधी राहणी. पणजोबांमुळे घरी चांगले शिक्षक मिळाले आणि अशा गोष्टींवर सढळ हाताने खर्च करावा हे कळलं. रस्टिकस या गुरूने एपिक्टेटस या तत्त्वज्ञाची व्याख्यानं स्वतःच्या संग्रहातून वाचायला दिली, हेही त्याने टिपलं आहे. अलेक्झांडर नावाच्या व्याकरणकाराकडून तो शिकला, की कुणी अशुद्ध बोललं तर तिथेच टोकू नये. योग्य शब्द आपल्या बोलण्यातून सहज त्याच्या कानावर घालावा.

साम्राज्याच्या धन्याला विजयांची यादी करता आली असती. त्याने केली ती दिलेल्या पुस्तकाची आणि न दुखावता सुधारलेल्या शब्दाची.

या वहीचा प्रयोगशाळेतला इतिहास मात्र अलीकडचा आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा शोधनिबंध या विषयात पायाभूत मानतात. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासदायक गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. आईवडील चांगले मिळाले, आज सकाळी जाग आली, अशा पहिल्या गटाच्या नोंदी होत्या. एकाने तर रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे आभार मानले. दुसऱ्या गटाच्या वह्यांत गाडी लावायला जागा न मिळणं होतं, कुणीच न आवरलेलं स्वयंपाकघर होतं, आणि मित्रासाठी एक काम केलं तर त्याला त्याची किंमतच नाही, हीसुद्धा तक्रार होती. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या एकूण आयुष्याविषयी जास्त समाधानी होता, येणाऱ्या आठवड्याविषयी जास्त आशावादी होता, त्याच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी होत्या आणि त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा तो आठवड्याला सुमारे दीड तास जास्त व्यायाम करत होता.

त्याच निबंधातला तिसरा प्रयोग अधिक हलवून जातो. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेले ६५ जण होते. ज्यांचं शरीर रोज काहीतरी नाकारतं, अशी माणसं. त्यांतल्या एका गटाने २१ दिवस रोज कृतज्ञतेच्या नोंदी केल्या. आजार तसाच राहिला. पण इतरांच्या तुलनेत त्यांना झोप जास्त लागली, उठल्यावर जास्त ताजं वाटलं, आणि त्यांचं बरं चाललं आहे हे त्यांच्या जोडीदारांनाही जाणवलं.

मग ही वही रोज लिहावी का? उत्साहाने सुरू करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं. तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. लिहिणं उरकण्यावर आलं, की वही शिळी होते, असा त्याचा अर्थ लावतात. दुसरीकडे, त्याच वर्षी मार्टिन सेलिग्मन यांच्या गटाने माणसांना एक आठवडाभर रोज रात्री चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायला लावल्या. त्यांची उदासी कमी झाली आणि तो परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. त्यात एक अट होती. प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली, हेही लिहायचं.

त्या 'का'मध्येच सगळी गोम आहे. समजा, एखाद्या वहीत सोमवारी लिहिलं, 'कुटुंब, आरोग्य, नोकरी.' मंगळवारी तेच, बुधवारी 'वरीलप्रमाणे'. पंधरा दिवसांत ती वही रद्दीत जाणार. आता दुसरं पान पाहू. 'पाणी आज पावणेसहालाच आलं. मोटर लावायची राहिली होती. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं म्हणून टाकी भरली. त्यांना सकाळी गुडघा धरतो, तरी त्या जिना उतरून आल्या.' यात वेळ आहे, माणूस आहे, त्या माणसाने सोसलेलं काहीतरी आहे. लिहिताना हात आपोआप काकूंच्या गुडघ्यापर्यंत पोचला. उद्या जिन्यात त्या भेटतील तेव्हा त्यांची पिशवी कोण उचलेल, हे वेगळं सांगायला नको.

साधनं फार लागत नाहीत. बँकेने किंवा दुकानदाराने दिलेली एखादी कोरी डायरी बहुतेक घरांत असतेच. लिहिण्याची वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावी: ओटा पुसून झाल्यावर, औषधाची गोळी घेतल्यावर. तीन नोंदी पुरेत. एकच सुचली तर एकच, पण सविस्तर. काहीच सुचेना तर उलटं विचारावं, की आज जे घडलं, त्यातलं काय घडलं नसतं तर अडलं असतं? दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं भरत बसू नये.

जपानमध्ये या वहीचा एक कडक भाऊबंद आहे. योशिमोतो इशिन यांनी जोदो शिन्शू या बौद्ध पंथातल्या एका खडतर साधनेवरून 'नाइकान' ही पद्धत घडवली, आणि १९५०च्या दशकात ती तिथल्या तुरुंगांतही पोचली. पडद्याआड बसून आयुष्यातल्या एकेका माणसाविषयी तीन प्रश्न विचारायचे. त्याच्याकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? मी त्याला काय त्रास दिला? त्याने मला काय त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. तो सगळ्यांना न विचारता येतो. घरच्या वहीत महिन्यातून एकदा हे तीन प्रश्न आईसाठी, भावासाठी, दुकानातल्या जुन्या मदतनिसासाठी विचारून पाहण्यासारखे आहेत.

या वहीकडून काय मागू नये, हेही तितक्याच काळजीने सांगायला हवं. २७ अभ्यास आणि त्यांतले ३,६७५ सहभागी एकत्र धरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात नैराश्य आणि चिंता यांवर अशा उपायांचा परिणाम लहानच दिसला. ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, जगणं नकोसं वाटतं, त्याने डॉक्टरांकडे जावं. त्याच्या हातात वही देऊन मोकळं होऊ नये. आणि ज्या घरात सुनेला 'आहे त्याचे उपकार मान' असं ऐकवलं जातं, तिथे ते तोंड दाबण्याचं हत्यार असतं. खाड्यांची वही फाडायची नाही. मजुरी बुडाली, अपमान झाला, तर ते लिहिलंच पाहिजे आणि मागितलंही पाहिजे. दोन्ही वह्या शेजारी असल्या, तर हिशोब खरा होतो.

वहीत काही नावं पुन्हा पुन्हा येऊ लागतात. सेलिग्मन यांच्या त्याच अभ्यासात आणखी एक काम दिलं होतं: ज्याचे आभार नीट मानायचे राहिले, त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं. सगळ्या उपायांत तात्काळ आनंद यानेच सर्वांत जास्त दिला, आणि तो महिनाभर टिकला. मराठी घरांत समोरासमोर 'आभारी आहे' म्हणणं परकेपणाचं वाटतं, हे खरं. मग त्या नोंदीचं पानच वाचून दाखवावं. 'तुम्ही त्या दिवशी जिना उतरून आलात,' एवढं वाक्य पुरतं.

आता थोड्याच वेळात कार्यवाह आभारप्रदर्शनाला उभे राहतील. एरवी या वेळी खुर्च्या सरकू लागतात, पिशव्या उचलल्या जातात, चपलांकडे लक्ष जातं. आज ती यादी शेवटपर्यंत ऐकावी. तिच्यात ध्वनिव्यवस्था हा एक शब्द असेल. ती सांभाळणारा मुलगा आज सभागृहात पहिली रांगही भरली नव्हती तेव्हा आला, वायरीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे अंधारात कुणाचा पाय अडकू नये, आणि तो तासभर मागच्या खांबाशी उभा आहे. घरी गेल्यावर वहीचं पहिलं पान उघडलं, तर आजच्या तारखेखाली लिहायला एवढं हाताशी आहे.