एका अल्लादीनच्या हाती तलवार



व्हिडिओ गेमवर बोलायला एखादा कवी आकाशवाणीवर आला, तर 'याचे कवितेचे विषय संपले वाटतं' असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला ज्या खेळाबद्दल बोलायचे आहे, त्याच्या नायकाशी माझी ओळख खेळ निघण्याच्या फार आधीची आहे. हा नायक म्हणजे जादूच्या दिव्याचा अल्लादीन. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याच्या नावाचे दोन व्हिडिओ गेम बाजारात आले. नाव एकच, खोक्यावरचा पोरगा तोच, माकड तेच, दिव्यातला जीन तोच. खेळ मात्र दोन, आणि एकमेकांशी नाते नसलेले. एकातल्या अल्लादीनच्या हातात तलवार आहे, दुसऱ्यातल्याच्या हातात नाही. या दोहोंत सरस कुठला, यावर जगभरचे खेळाडू तीस वर्षे भांडत आले आहेत. त्या भांडणात माझेही एक मत आहे.

दोन खेळ निघाले त्याचे कारण व्यापारी होते. त्या काळी घरच्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांत दोन जपानी कंपन्यांची चुरस होती, सेगा आणि निन्टेन्डो. सेगाचे यंत्र मेगा ड्राइव्ह, त्यालाच अमेरिकेत जेनेसिस म्हणत. निन्टेन्डोचे सुपर निन्टेन्डो. एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नसे. (कार्ट्रिज हा खरा शब्द, पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे.) डिस्नेचा 'अल्लादीन' हा सिनेमा नोव्हेंबर १९९२ मध्ये आला आणि धो धो चालला. निन्टेन्डोसाठी त्यावरचा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने केला, सेगासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हर्जिन गेम्सने. दोघांनी आपापला अल्लादीन वेगळा घडवला.

सोलापुरात यातले काय पोचले? खरे सांगायचे तर फार थोडे. आपल्या घराघरांत होती ती सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची आठ बिटांची यंत्रे, निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जुन्या यंत्राच्या नकला. त्यांवर मारिओ आणि काँट्रा चालायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेस कंपनीने सेगाची यंत्रे भारतात विकायला आणली, पण ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी नव्हती. विजापूर वेशीकडच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचे दुकान होते. चार टीव्ही, लाकडी बाकडी, भिंतीला टेकवलेल्या सायकली. तिथे एकाच टीव्हीला सेगा जोडलेले असायचे आणि त्याचा तासाचा दर दुप्पट. सुपर निन्टेन्डो मी पहिल्यांदा पाहिले ते आखातात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाच्या घरी. त्याने सुटीवर येताना ते आणले होते. पुढे कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा तिथल्या पोरांना डॉसवरचा अल्लादीन मिळाला. तो १९९४ चा, सेगाच्याच खेळाचा अवतार. म्हणून आपल्याकडे ज्यांना अल्लादीन आठवतो, त्यांना बहुधा तलवारवाला आठवतो.

आता तो तलवारवाला कसा झाला ते ऐका. डेव्हिड पेरी नावाचा तरुण प्रोग्रामर त्याचा प्रमुख होता. यातली चित्रे डिस्नेच्या स्वतःच्या चित्रकारांनी कागदावर पेन्सिलीने काढली. धावताना, उडी मारताना, दोराला लोंबकळताना, दर हालचालीची वेगळी चित्रे. मग ती स्कॅन करून, लहान करून, ठिपक्याठिपक्याने रंगवून कॅसेटमध्ये बसवली. अख्खी कॅसेट दोन मेगाबाइटची. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही.

सोलापूरकरांना हे काम समजावून सांगायला फार खटपट पडू नये. चादरीवरचा मोर कसा येतो? आधी तो चौकटीच्या कागदावर उतरतो. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, ती कार्डे जकार्डला लावायची आणि मागावर मोर उतरतो. रंग किती वापरायचे याला मर्यादा असते. म्हणून डिझाइन करणारा मोराचा गळा गोल दाखवायला पायऱ्यापायऱ्यांची रेघ काढतो आणि चार हात लांबून ती गोल दिसते. व्हिडिओ गेमचे चित्र याच हिशेबाने चालते. सेगाच्या पडद्यावर ठिपके आडवे ३२० आणि एका वेळी रंग फार तर ६४. सुपर निन्टेन्डोवर ठिपके साधारण २५६, पण रंगही २५६ पर्यंत. म्हणजे एकाचे पोत बारीक आणि दुसऱ्याचे रंग जास्त. मागवाल्याला विचारा, यात कुठली चादर चांगली म्हणून. तो आधी विचारील, कुणासाठी विणायची आहे?

चाल पाहाल तर सेगाच्या अल्लादीनला तोड नाही. तो उभा असला तरी स्वस्थ नसतो, हातातले सफरचंद वर उडवून झेलतो. बाजारातले धिप्पाड पहारेकरी त्याच्यावर धावून येतात आणि मार बसला की एखाद्याची विजार घसरते. उंटावर उडी मारली की उंट थुंकतो. वाळवंटातल्या स्टेजमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांत मिकी माउसचे कान लटकताना दिसतात. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांना काम करताना हसू येत असणार, असे ती पाहून वाटते. ते हसू आपल्यापर्यंत पोचते. खेळ म्हणून मात्र तो कधी कधी अंदाज येऊ देत नाही. तलवारीचे टोक कुठपर्यंत पोचते, कुठली कड पाय ठेवण्याजोगी आणि कुठली नुसती रंगवलेली, हे मरूनच शिकावे लागते. मध्येच खेळ थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायची सोयही नाही.

कॅपकॉमचा अल्लादीन वेगळ्या स्वभावाचा आहे. त्याचा आराखडा शिंजी मिकामी यांनी केला. पुढे १९९६ मध्ये 'रेसिडेंट इव्हिल' या भुताटकीच्या खेळाने जगभर नाव झाले ते हेच. त्यांच्या अल्लादीनकडे तलवार नाही. तो शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो, त्या उसळीने पुढे जातो, खांबाला धरून गिरकी घेतो, कड हाताने पकडून वर चढतो. एक कापड मिळते, ते डोक्यावर धरून तो हळूहळू खाली तरंगतो. सफरचंदे याच्याकडेही आहेत, पण पहारेकऱ्याला ती लागली तर तो नुसता गांगरतो. शिक्षा म्हणून एवढे बस्स. यात उडीचा अंदाज चुकत नाही. जिथे पाय पडेल असे वाटते तिथेच पडतो. एक स्टेज संपली की चित्रांचा एक पासवर्ड मिळतो, तो वहीत उतरवून ठेवला की दुसऱ्या दिवशी पुढून खेळता येते. शिवाय उडत्या सतरंजीवरची एक निवांत स्टेज आहे, शेजारी राजकन्या बसलेली आणि सिनेमातल्या गाण्याची चाल वाजते आहे. सुपर निन्टेन्डो खऱ्या वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे साठवून वाजवायचे. त्यामुळे तिथली सुरावट गोल, भरलेली लागते. सेगाचा आवाज चिपमध्येच तयार होणारा, जरा पत्र्याचा. कान असलेल्या माणसाने हा खेळ निन्टेन्डोवर ऐकावा.

माझा भाचा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. आखातवाल्या नातेवाइकाकडे खेळून आल्यावर त्याचा निकाल एका वाक्यात लागला. "मामू, तलवार नक्को तो खेलनाच कायकू?" आमच्या घरी दखनी बोलतात. गंमत म्हणजे खुद्द मिकामीही त्याच्याच बाजूचे निघाले. बऱ्याच वर्षांनी एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले, की मी हा खेळ केला नसता तर बहुधा सेगाचाच विकत घेतला असता. त्यातली चाल सरस आहे आणि त्यात तलवार आहे.

कर्ताच असे म्हणाला म्हणजे वाद मिटायला हवा. माझ्यापुरता तो मिटत नाही. सिनेमातला अल्लादीन भाकरी चोरतो आणि पकडणाऱ्यांना चुकवत गच्च्यांवरून पळतो. ती भाकरीही शेवटी भुकेल्या पोरांना देऊन टाकतो. तलवारी असतात त्या पहारेकऱ्यांच्या हातात. तो स्वतः तलवार उचलतो ती अगदी शेवटी, जाफरशी सामना होताना. गरीब पोराकडे चपळ पाय आणि चलाख डोके, एवढेच भांडवल. मिकामींच्या खेळात हे नेमके उतरले आहे. सेगाच्या खेळात पहिल्याच स्टेजला, पहिल्याच पावलाला त्याच्या हातात पाते आहे आणि भर बाजारात तो ते चालवत सुटला आहे.

खेळातल्या तलवारीचे एवढे काय मनावर घ्यायचे, असे कुणी म्हणेल. पण साल आठवून पाहा. १९९१ मध्ये आखाती युद्ध झाले होते. सिनेमातले शहर आधी बगदाद असणार होते, ते युद्धानंतर बदलून अग्राबा हे काल्पनिक नाव घेतले, असे सांगतात. सिनेमाच्या सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशात चेहरा आवडला नाही तर कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब नागरिकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि १९९३ मध्ये व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा ती बदलली गेली. आपल्याकडे ते वर्ष कसे उजाडले होते हे मी सांगायला नको. नाव विचारून माणूस ओळखण्याची घाई झालेला तो काळ. अलाउद्दीन हे आमच्या गल्लीत चालते-बोलते नाव आहे. त्या नावाचा एक टेलर होता, एक रिक्षावाला. त्याच वर्षी त्या नावाचा पोरगा साऱ्या जगाच्या पोरांच्या टीव्हीवर आला. एका यंत्रावर तलवार घेऊन आणि दुसऱ्यावर कोलांट्या उड्या मारत. करणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नसेल, नव्हतेच. त्यांना बटण दाबल्यावर मजा यायला हवी होती आणि तलवारीने ती येते. मी फक्त एवढेच म्हणतो, की दोन्ही खेळ समोर ठेवले तर माझा हात कोलांट्यावाल्याकडे जातो.

'पण खरा अल्लादीन कुठला?' असे मला एका कविसंमेलनात गप्पा मारताना कुणी विचारले होते. हा प्रश्न फार लांब जातो. मूळ गोष्टीतला अल्लादीन चीनमधल्या एका शहरात राहतो. तो मुस्तफा नावाच्या शिंप्याचा आळशी मुलगा आहे. अनाथ चोर तो सिनेमात झाला. गोष्टीत एक जीन दिव्यात असतो आणि दुसरा अंगठीत. तीनच इच्छा मागायच्या अशी अटही नाही. 'हजार रात्रीं'च्या जुन्या अरबी हस्तलिखितात ही गोष्टच सापडत नाही. हलब शहराचा हन्ना दियाब नावाचा एक ख्रिस्ती तरुण पॅरिसला गेला होता. १७०९ च्या मे महिन्यात त्याने ती आन्त्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितली आणि गालाँने ती आपल्या पुस्तकात घातली. पुढे तिची अरबी हस्तलिखिते 'सापडली', पण ती फ्रेंचवरूनच उलट भाषांतर केलेली निघाली. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्याही इंग्रजीवरून. म्हणजे अरबीतून फ्रेंच, फ्रेंचमधून इंग्रजी, इंग्रजीतून मराठी. आईकडून मी ही गोष्ट दखनीत ऐकली, तिने ती कुठून ऐकली कोण जाणे. तिच्या गोष्टीतही तलवार नव्हती. दिवा चोरणारा मात्र फार भयंकर होता.

हे दोन्ही खेळ आता एकत्र मिळतात. २०१९ मध्ये जुन्या डिस्ने खेळांचा एक संच नव्या यंत्रांसाठी निघाला, त्यात सेगाचा अल्लादीन होता, कॅपकॉमचा नव्हता. चाहते हिरमुसले. २०२१ मध्ये तोही आला. ज्या कॅसेटी एकमेकींच्या यंत्रात शिरत नव्हत्या, त्या आज एकाच यादीत खाली-वर दिसतात. चुकले तर दोन पावले मागे जाण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे माझ्यासारख्या जड बोटांच्या माणसाचीही निभावणी होते.

तो संच भाच्याच्या मुलीकडे आहे. मागच्या रमजान ईदला आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. सेगाचा अल्लादीन लावायचा आणि तलवारीचे बटण अजिबात दाबायचे नाही. पळायचे, उडी मारायची, अगदीच गळ्याशी आले तर सफरचंद फेकायचे. बाजाराची स्टेज अशी पार होते. चार वेळा मेलो, पण झाली. वाळवंटात सफरचंदे जपून वापरावी लागतात. त्यापुढच्या गच्च्यांवर आम्ही अडकलो आहोत.