माटोळी आणि रानाचे माप
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



कला आणि निसर्ग यांच्या संबंधाचा विषय निघाला की बहुधा कवितेतला पाऊस, चित्रातला डोंगर आणि नाट्यपदातले चांदणे यांचे दाखले दिले जातात. ते योग्यच आहेत. परंतु चित्रातला डोंगर पाहून हरखून जाणाऱ्या रसिकाला त्या डोंगरावरच्या एकाही झाडाचे नाव ठाऊक नसले, तरी त्याच्या रसास्वादात काही उणे पडत नाही. गोमंतकात मात्र एक कला अशी आहे, की रानाची प्रत्यक्ष ओळख असल्यावाचून ती साधतच नाही. तिच्या कर्त्यांची नावे कोठल्याही कलाकोशात सापडणार नाहीत. घरात गणपती जितके दिवस, तितकेच तिचे आयुष्य. ही कला म्हणजे माटोळी.

माटव म्हणजे मांडव आणि माटोळी म्हणजे लहानसा मांडव, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. सिंधुदुर्गात तिला माटी किंवा माटवी म्हणतात, खाली कारवार-अंकोल्याकडे फळावळ म्हणतात. गणपतीच्या मूर्तीच्या वर, छताला लाकडी अथवा बांबूची चौकट टांगायची आणि तिला त्या ऋतूत शेतात, कुळागरात आणि रानात जे जे पिकते ते बांधायचे, एवढीच तिची रचना. नारळाची पेंड, सुपारीचा घोस आणि आंब्याची डहाळी ही कुळागराची देणगी. काकडी, दोडकी, चिबूड, भोपळा ही परसातली आणि शेतातली. निरफणस, तोरिंजन, आंबाडे ही घराभोवतालच्या झाडांची. यानंतर येते ते रान: कवंडळाची तांबडी फळे, हलवली की आतल्या बियांनी खुळखुळणाऱ्या घागऱ्या, कुड्याच्या लांब जोडशेंगा, कांगलांचे घोस, भेरली माडाचे लोंबते झुबके, कळलावीची ज्वालेसारखी फुले. कित्येक घरांत हे सारे बांधायला सुतळी चालत नाही, केवणीच्या सालीचा वाख लागतो. केवण म्हणजे जिच्या पिळदार शेंगांना देशावर मुरुडशेंग म्हणतात ती. म्हणजे बांधलेली वस्तू रानाची आणि बांधणारा दोरही रानाचाच.

या यादीतील कित्येक वस्तू खाण्याच्या नाहीत. कवंडळ कडू आहे, कळलावी तर विषारी. केवळ नैवेद्य दाखवायचा असता तर ही फळे कोणी आणली नसती. माटोळीत रानाने हजेरी लावायची असते आणि त्या हजेरीत गोड-कडू, उपयोगी-निरुपयोगी असा भेद नसतो. ज्याला कवंडळ हवे त्याला ती वेल कोठल्या झाडावर चढते आणि तिचे फळ केव्हा रंगते हे माहीत असावे लागते. केवणीचा वाख हवा असेल तर साल कशी काढली म्हणजे झाड जगते, हेही कळावे लागते. बापाबरोबर रानात गेलेल्या मुलाला हे ज्ञान पाठ करावे लागत नसे. पावसात भिजत, जळवा ओढून काढत, चालता चालता ते अंगी मुरत असे.

दुसरी गोष्ट मापाची. माटोळीला प्रत्येक जिन्नस थोडा लागतो. एखादा घोस, चार शेंगा, एक फळ, कारण ढीग रचायचा नसून नमुना टांगायचा आहे. डोक्यावरून आणि पायी आणायचे असल्याने अधिक आणणे शक्यही नव्हते. निसर्गाविषयी पूज्यभाव हवा, असे सभांतून वारंवार सांगितले जाते. माटोळीचे खरे सामर्थ्य पूज्यभावापेक्षा या दोन साध्या गोष्टींत, ओळखीत आणि मापात, होते असे म्हणणे अधिक रास्त होईल.

वनस्पती आणि संस्कार यांची ही गाठ किती घट्ट होती, हे परकीय सत्तेने नेमके ओळखले होते. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. मधल्या काळात जुन्या काबिजादीत मूर्तिपूजा चोरूनच करावी लागे. काही घराण्यांत आजही मूर्तीऐवजी पत्रीचा अथवा कागदावरच्या चित्राचा गणपती पुजतात. त्या प्रथेचे मूळ या काळात सांगितले जाते. पाने जप्त करणे कोणत्याही न्यायासनाला अवघडच! सत्तरी, डिचोली, फोंडे, पेडणे हे नव्या काबिजादीचे मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले. तोवर धर्मछळाचा भर ओसरला होता आणि रानही शाबूत होते. माटोळीची रानवट श्रीमंती विशेषेकरून याच भागात टिकली, याचे आश्चर्य वाटू नये.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर येथे दोन ग्रंथांची आठवण अपरिहार्य आहे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ऑर्ता मूळचा ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र युरोपभर वाचला गेला. दुसरा ग्रंथ ‘होर्तुस मलाबारिकुस’. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेले त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला निघाले. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनच्या तिघा कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. ईळव वैद्य इट्टी अच्युदन यांचीही साक्ष तेथे आहे. ज्यांनी झाडे ओळखली त्यांची नावे छापली जावीत, हा त्या ग्रंथाचा मोठेपणा. सत्तरीतल्या ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या माटोळी बांधली, त्यांच्या वाट्याला असे एकही पान आले नाही.

आता आजच्या माटोळीकडे वळू. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत म्हापसा, पणजी, फोंडे, मडगाव, साखळी येथे माटोळीचा बाजार भरतो. सत्तरी, धारबांदोडे, सांगे येथील स्त्रिया रानातला माल टोपल्यांतून आणतात आणि शहरातला गृहस्थ वाटे विकत घेतो. यात गैर काही नाही. त्या स्त्रियांना चार पैसे मिळतात आणि सदनिकेतल्या गणपतीवरही माटोळी येते. परंतु ओळख आणि माप ही दोन्ही सूत्रे येथे सैल होतात. विकत घेणारा नाव विचारत नाही. विकणारीला एका घरापुरते आणून भागत नाही, शंभर घरांपुरते आणावे लागते. भाद्रपदात कित्येक रानफळे अजून हिरवी असतात, त्यांतले बीज तयार झालेले नसते. प्रत्येक वेलीवरचे एखादे फळ गेले तर रानाला पत्ताही लागत नाही. पण वेलच्या वेल ओरबाडली गेली, तर पुढच्या पावसात तेथे रोप उगवणार कोठून?

राज्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते. या स्पर्धेने प्रथेला प्रतिष्ठा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. स्पर्धक आपल्या माटोळीतील जिन्नसांची नावे लिहून लावतात, उपयोग सांगतात, आणि विस्मृतीत गेलेली कितीतरी नावे त्यामुळे पुन्हा कानांवर आली. परंतु स्पर्धा म्हटली की संख्या आली. जिन्नसांचा आकडा शेकड्यांत गेला, फळांतून वाद्ये आणि देवतांच्या आकृती घडवल्या जाऊ लागल्या. डोळे दिपवणारी ती कारागिरी पाहताना एक शंका डोकावते: दुर्मीळ वनस्पती आणणाऱ्याला अधिक गुण देणे म्हणजे ती अधिक दुर्मीळ करणाऱ्याचा गौरव नव्हे काय?

पूज्यभाव एकट्याने पुरा पडत नाही, याचा कठोर पुरावा याच मुलखात आहे. गोव्यात वाघाला देव मानतात. त्याच्या पाषाणमूर्ती पुजल्या जातात. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातील गोळावलीच्या परिसरात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. गुरे मारली गेल्याच्या रागातून हे झाले, असे तपासात पुढे आले. पूजा करणारा समाज ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याची गाय गेली त्याचे नुकसान वेळीच भरून निघाले नाही, तर देवळीतला वाघ आणि गोठ्याशी आलेला वाघ हे त्याच्या लेखी एक राहत नाहीत. ती तूट केवळ संस्कृतीने भरून काढावी, ही अपेक्षा शासनाला सोयीची असली तरी न्याय्य नव्हे.

देवरायांची कथा याहून आशादायक असली तरी निर्धास्त नाही. सत्तरीतील नानोडे-बांबर येथील निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. बाराही महिने ओल धरणारे असे रान आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, एवढा एकच नियम पाळला गेला आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी येऊन पाहावे असे काही शिल्लक राहिले. पण अन्यत्र देवळाचा जीर्णोद्धार निघाला की फरशी, सभामंडप आणि गाड्यांची जागा यांच्यासाठी राईच मागे सरते. देव मोठा होतो आणि त्याचे रान लहान होते!

मग या ग्रंथालयाने काय करावे? एक काम पुढच्या भाद्रपदातच हाती घेता येईल. सभासदांच्या घरोघरी बांधल्या जाणाऱ्या माटोळ्यांची एक वही ठेवावी. तिच्यात जिन्नसाचे घरात चालते ते नाव लिहावे, मग ते कोकणी असो वा मराठी. शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून मागाहून भरून घेता येईल. तो जिन्नस रानातला, कुळागरातला की बाजारातला, पिकलेला की हिरवा, आणि कोणी आणला, हेही नोंदवावे. आणणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, पूर्ण लिहावे. गेल्या वर्षी मिळालेले पण यंदा न मिळालेले जिन्नस वेगळ्या पानावर मांडावेत. दहा वर्षे ही वही नियमाने चालली, तर कोठले फळ कोठल्या गावच्या रानातून केव्हा नाहीसे झाले, हे सांगणारा कागद या कपाटांत असेल. तूर्त तो कोठल्याच कपाटात नाही.