सिंहाचा छावा कोणाचा?

(गंगापूर रोड, नाशिक येथे झालेल्या व्याख्यानातील काही भाग)



नाशिकच्या भूमीवर चलच्चित्रांचा विषय निघाला की आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासूनच व्हावयास हवा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील विदेशी चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील, या विचाराने त्यांना झपाटले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. आगकाड्यांना पडद्यावर नाचविणारी ‘आगकाड्यांची मौज’ही त्यांचीच. आपली प्रेरणा विदेशी आहे, हे मात्र त्यांनी कधी लपविले नाही. स्वतःच्या लेखांत ते उघडपणे लिहून ठेवले.

आता घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या एका चित्रपटाकडे वळावे. १९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला आणि जपानमध्ये खळबळ उडाली. तेथील थोर चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी १९५० ते १९५४ या काळात ‘जंगल तैतेई’ ही चित्रकथा रचली होती. १९६५ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि पुढच्याच वर्षी ‘किंबा’ या नावाने अमेरिकेत दाखविली गेली. इकडे किंबा, तिकडे सिंबा! दोन्हीकडे पित्याला मुकलेला छावा, वडीलधारे वानर, सल्ला देणारा पक्षी, डोळ्यावर व्रण असलेला दुष्ट सिंह आणि त्याचे तरस. ढगांत दिसणारी पित्याची आकृतीसुद्धा! माचिको सातोनाका या चित्रकथाकार विदुषीने शेकडो व्यावसायिकांच्या स्वाक्षऱ्यांचे पत्र डिस्नेला धाडले. निर्मात्यांनी मात्र किंबाची माहितीच नव्हती, असा पवित्रा घेतला. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ आणि स्वतःचाच जुना ‘बांबी’ यांकडे बोट दाखविले.

मग ही चोरी होय काय? याचा विचार आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच झाला आहे. राजशेखराने (ज्याच्या पणजोबास ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले गेले) ‘काव्यमीमांसे’त काव्यहरणाचे प्रकार सांगितले. आशय तोच, केवळ शब्द बदललेले, तो प्रतिबिंबकल्प. थोडा संस्कार करून निराळा भासविलेला, तो आलेख्यप्रख्य. वस्तू भिन्न पण साम्य इतके की एकच वाटावे, तो तुल्यदेहितुल्य. मूळ एक पण साज सर्वस्वी नवा, तो परपुरप्रवेश. न्यायालयांनाही हेवा वाटावा अशी ही मोजपट्टी!

ती लावली तर निवाडा असा निघतो. किंबाच्या पित्याचा वध शिकारी करतो, सिंबाच्या पित्याचा सख्खा भाऊ. किंबाच्या कथेचा गाभा मनुष्य आणि पशू यांच्या संबंधांत आहे. ‘लायन किंग’मध्ये मनुष्य औषधालाही नाही. म्हणजे कथा तुल्यदेही, मात्र काही दृश्ये निश्चित आलेख्यप्रख्य. शिवाय तेझुका स्वतः ‘बांबी’चे निस्सीम चाहते, त्यांनी त्याची चित्रकथाही काढली होती. १९८९ मध्ये ते निवर्तले होते. त्यांच्या संस्थेने दावा लावला नाही; डिस्नेने त्यांच्यापासून काही घेतले असेल तर त्यांना आनंदच वाटला असता, अशी तिची भूमिका होती. खटकते ते अमेरिकन मौन. श्रेयनामावलीत एक ओळ घातल्याने कोणाची तिजोरी रिती झाली असती?

याच्या नेमके उलट उदाहरण याच पंचवटीशी जोडलेले आहे. १९८३ साली युगो साको हे जपानी गृहस्थ भारतात आले. पुरातत्त्ववेत्ते बी. बी. लाल यांच्या उत्खननावर ते माहितीपट करीत होते. एका वृत्तपत्रातून चुकीची बातमी पसरली आणि परक्याने रामायणावर चित्रपट काढू नये, असे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेकडून जपानी वकिलातीत गेले. साको यांनी गैरसमज दूर केला आणि मग अ‍ॅनिमेशनमधून रामकथा मांडण्याचा प्रस्तावच परिषदेपुढे ठेवला. शासनाने विषय नाजूक म्हणून हात आखडला, तेव्हा काम मुख्यतः जपानमध्ये झाले. राम मोहन आपल्याकडून सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटिया यांचे. १९९२ साली चित्रपट पूर्ण झाला. कथा कोणाची, हे शीर्षकातच होते: ‘रामायण’.

साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, तेव्हा दोघेही ते पाहावयास नव्हते.