विहिरीवरची बाई आणि केडगावची रमाबाई



"सोस बाई, देव बघतोय." हे वाक्य आपण माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं आणि कधी स्वतःच दुसरीला ऐकवलं. आज आपल्याच पुणे जिल्ह्यात राहून गेलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. तिनं फार सोसलं आणि देवावरचा विश्वासही सोडला नाही. पण गप्प मात्र बसली नाही. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील शास्त्री. त्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरायचं. मग दुष्काळ पडला. त्यात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा रमाबाईंनीही ती उचलली. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून डोक्यावर घेतली. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. तेव्हा रमाबाई 23 वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं समाजानं टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती सिस्टर मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिलं. ही माया येते कुठून, असं विचारल्यावर त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. ती बाई भर दुपारी विहिरीवर येते. यहुदी लोक तिच्या जातीच्या माणसांशी संबंध ठेवत नसत. पण येशू तिच्याकडेच पाणी मागतो आणि तिच्याशी देवाधर्माचं बोलतो. पाणवठा म्हणजे काय आणि तिथं कुणाला अडवलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. रमाबाईंच्या मनाला हीच गोष्ट भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानं दुःख संपलं का? नाही. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं 1893 मध्ये अनेक पालकांनी त्या काढून नेल्या. शहरात टीकेचं मोहोळ उठलं. तरी सदन चालूच राहिलं.

1896 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना स्वतःची भूक आठवली. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावला ठेवलं. पुण्याहून दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागतं, तेच हे. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. बायका शेती करायच्या, विणकाम करायच्या, छापखाना चालवायच्या. मनोरमा आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवायची. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होत होते. रमाबाईंनी ते वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. प्रार्थना करणारी बाई सरकारलाही जाब विचारत होती.

शेवटचा घाव सगळ्यात मोठा होता. जुलै 1921 मध्ये चाळीस वर्षांची मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकूही कमी येत होतं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही, ते पुरं केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.

मैत्रिणींनो, देवावर भार टाकणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे. रमाबाईंचा विश्वास त्यांना रोज सकाळी उठवून कामाला लावत होता. आणि "सोस" हे त्यांनी कुणा मारहाण झालेल्या, टाकलेल्या बाईला सांगितलं नाही. तिला घरात घेतलं, जेवू घातलं, हाताला काम दिलं.

आपल्या प्रत्येकीचा देव वेगळा असेल. पण या आठवड्यात गटाची बैठक भरेल, तेव्हा कोण आली नाही ते बघा. मागचे दोन हप्ते जिचा चेहरा दिसला नाही, तिच्या दारात जा. तिला उपदेश करू नका. घोटभर पाणी मागा आणि बसून तिचं ऐका. विहिरीवर येशूनं तेच केलं होतं.