ठशाचे चित्र आणि मुलांची गोष्ट



चित्रकलेच्या ज्या शासकीय परीक्षा आपली मुले शाळेत असताना देतात, त्यांत ‘स्मरणचित्र’ म्हणून एक विषय असतो. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतले चित्र, हा शब्दाचा उघड अर्थ. पण आठवण कोणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. भाजीबाजार, पाणवठा, जत्रा हे प्रसंग ठरलेले आणि त्यांतील माणसेही ठरलेली! टोपलीवाली बाई डाव्या बाजूस, छत्रीवाला म्हातारा उजव्या बाजूस. हिंगोलीच्या मुलाने काढलेला बाजार आणि मुंबईच्या मुलाने काढलेला बाजार शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे सांगता यावयाचे नाही. परीक्षेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक संतुष्ट. त्या परीक्षेशी माझे भांडण नाही. हाताला वळण लागण्यास तिचा उपयोग होतोच. परंतु तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांजवळ स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते बाहेर येण्याचा जो उत्तम मार्ग मला मास्तरकीत आढळला, तो म्हणजे कोरीव ठशाचे चित्र. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर उमटविण्याचा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. तोच खेळ थोडा वाढविला की लिनोचा ठसा होतो. लिनोलियम हे नाव परके वाटले, तरी वस्तू तितकी परकी नाही. इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन याने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. ते केले जाते जवसाच्या तेलात बुचाचा भुगा मिसळून आणि तो थर तागाच्या कापडावर बसवून. छपाईच्या जुन्या शाईतही जवसाचेच तेल. आमच्याकडे जवसाची चटणी खाणाऱ्या मुलांना हे सांगितले, की त्यांना त्या तुकड्याविषयी आपलेपणा वाटू लागतो. तुकडा घटकाभर उन्हात ठेवला म्हणजे मऊ पडतो. मग लहान पटाशीने कोरावयाचे, रुळाने शाई लावावयाची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावयाचे. यंत्राची गरज नाही. लिनो न मिळाल्यास जुन्या चपलेचा रबरी तळही चालतो. एक नियम मात्र कडक: दुसरा हात नेहमी पटाशीच्या मागे, पुढे कधीही नाही.

आता यातील मर्म. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते. ज्याला हात लावला नाही तेच काळे उमटते. औंढ्या नागनाथाच्या देवळाच्या बाहेरील भिंती पाहिलेल्या मुलास हे लवकर समजते, कारण तेथेही भोवतालचा दगड काढला म्हणून मूर्ती पुढे आलेली आहे. पेन्सिलीची रेघ खोडता येते. पटाशीची येत नाही. म्हणून मुलगा प्रत्येक रेघेपूर्वी थांबतो आणि थांबला की आठवू लागतो. पाठ केलेली टोपलीवाली बाई कोरण्यास चार दिवस लागतात असे दिसले, की ती बाई आपोआप गळून पडते!

वसमतकडील एका मुलाने हळद शिजविण्याचा प्रसंग कोरला होता. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेल. त्या मुलाला हळद म्हणजे कढईवरची वाफ आणि वाफेत उभे असलेले वडील. वाफ त्याने बारीक पांढऱ्या रेघांनी मोठी सुरेख काढली. पण पहिली प्रत उचलली आणि त्याचे तोंड उतरले.

“सर, आमचे बाबा डावरे आहेत. हे आमचे बाबा नाहीत.”

ठशात उजवे ते डावे होते, आणि वडिलांच्या हातातले फावडे उजव्या हाती गेले होते. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आले नसते. त्याने नवा तुकडा मागितला, चित्राचा कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरला, उलटा गिरविला आणि सर्व पुन्हा कोरले. वाफ पहिल्याइतकी साधली नाही, पण वडील साधले.

मुलांच्या हाती लिनो देण्याची ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग काढला. मोठ्यांची चित्रे गिरविण्याऐवजी मुलांनी आपले आपण काढावे, हा त्याचा आग्रह. त्याच्या विद्यार्थ्यांचे लिनोठसे पुढे युरोपात गाजले. आपल्या मुंबईत चित्तप्रसाद हा बंगाली चित्रकार १९४६ पासून अंधेरीस राहिला. राबणाऱ्या मुलांविषयीची त्याची लिनोचित्रे युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने १९६९ साली प्रसिद्ध केली. ती पाहून मन हलते. तथापि मुलांचे दुःख तेथे थोर कलावंत सांगतो. मूल स्वतः सांगू लागले म्हणजे निराळेच काही ऐकू येते.

नववीतील एक मुलगी. तिचे आईवडील ऊसतोडीस जात. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराने होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी गावात येते आणि घरी आजी व मुले मागे राहतात. तिच्या ठशात भरलेली ट्रॉली होती, पाठमोरी माणसे होती, उघडे दार होते. आजीही होती. ती स्वतः कोठेच नव्हती. मी विचारले, “तू कुठे आहेस, बाई?”

“मी बघत होते ना, सर.”

ह्यावर शिकविण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही.

गॅदरिंगच्या प्रदर्शनात तो ठसा लावावा, असे शाळेत सर्वांचे मत पडले. आजी शाळेत आली आणि म्हणाली, “आमच्या घराचं दार तुमच्या भिंतीवर कशाला?” म्हातारीचा प्रश्न रास्त होता. ठशाच्या शंभर प्रती निघतात, हा त्याचा गुण आपण सांगतो. परंतु घरची गोष्ट शंभर घरी जावी की नाही, हे ठरविणारे मास्तर कोण? कौतुकाच्या भरात पुष्कळ शाळा हे विसरतात. पाहुण्यांपुढे मुलाची गरिबी मांडून टाळ्या घेणे मला बरे वाटत नाही. मी तो तुकडा मुलीच्या हाती दिला आणि किती प्रती काढावयाच्या ते तिलाच ठरवू दिले.

तिने तीनच काढल्या. प्रदर्शनास एकही दिली नाही. एक आजीला दिली, एक आईवडील परततील तेव्हासाठी वहीत ठेवली, आणि तिसरी, शाई नीट न लागलेली, मला दिली. आजीने आपली प्रत कणकेच्या खळीने घरात चिकटविली, कालनिर्णयाच्या खाली, जेथे ती ट्रॉली परतण्याचे महिने मोजीत असे.