दातांची तार आणि तारेनंतर

मंडळी, आज वाकड्या दातांविषयी बोलू. दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले. असे मूल हसताना तोंडावर हात धरते. पण ही नुसती रूपाची गोष्ट नाही. चढलेल्या दातांच्या फटीत घास अडकतो. तिथे ब्रश पोचत नाही, मग कीड लागते. पोर पडले तर पुढे आलेला दातच आधी मोडतो.

यावर तार बसवतात. कोणी तिला क्लिप म्हणतात. प्रत्येक दातावर एक बारीक पकड चिकटवतात आणि तिच्यातून तार ओवतात. दात हाडात रोवलेला असतो. तारेने ज्या बाजूला ओढले, तिकडचे हाड झिजते आणि मागे नवे हाड भरते. महिन्याला दात सरकतो जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा! म्हणून बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. जोराने ओढले तर मुळालाच इजा होते.

बहुतेक मुलांना १२-१३ व्या वर्षाच्या सुमारास तार बसवतात. हिरड्या चांगल्या असतील तर मोठ्या माणसालाही बसते. कधी जागा करायला एक-दोन दात काढावे लागतात. “वरचा दात काढला की डोळे जातात,” असे आपल्याकडे म्हणतात. ते खोटे आहे. दाताचा आणि नजरेचा तसा काही संबंध नाही.

तार आवळली की तीन-चार दिवस दात ठणकतात. तेव्हा मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. ऊस, चिक्की, फुटाणे, मक्याचे कणीस दाताने तोडू नये. पकड निखळते आणि पुन्हा खेप पडते. जेवल्यावर दर वेळी ब्रश हवाच. नाही तर पकडीभोवती पांढरे डाग पडतात, ते सहजी जात नाहीत. मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडा.

चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावे लागते. म्हणून सुरुवातीलाच एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी धरून हिशेब करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे खर्च खाजगीपेक्षा कमी येतो. पण मधेच जाणे सोडले तर दात अर्ध्या वाटेवर राहतात आणि तारेखाली कीड लागते.

आता खरी गोष्ट ऐका. तार काढली की लोकांना वाटते, काम झाले. तसे नाही! नवे हाड अजून कच्चे असते. हिरडीतले धागे दाताला जुन्या जागी ओढत असतात. म्हणून डॉक्टर एक पट्टी देतात, तिला रिटेनर म्हणतात. पहिले काही महिने ती बहुधा दिवसरात्र घालायची, जेवताना आणि दात घासताना काढायची. पुढे रोज रात्री, अनेक वर्षे. पोरगी म्हणेल, “आता दात सरळच आहेत की!” ऐकू नका. काही आठवडे पट्टी घातली नाही, तर दात सरकतात आणि पट्टी बसेनाशी होते. मग दोन वर्षांचा पैसा पाण्यात.

पट्टी गार पाण्याने आणि ब्रशने धुवावी. कढत पाण्यात टाकली तर वाकते. तोंडातून काढली की डबीतच ठेवा. कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, तर ती खरकट्याबरोबर जाते. हरवली किंवा मोडली, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.