रात्री अडीच वाजता जागे असणाऱ्यांसाठी

(मंदिराच्या ज्येष्ठ मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत विश्वस्तांनी विचारलं, रात्री नीट झोप लागत नाही असे किती जण आहेत? निम्म्याहून जास्त हात वर गेले. त्यात माझाही होता, म्हणून आज मला उभं केलंय. मी डॉक्टर नाही. इथे एडिसनमध्ये औषधाच्या दुकानात 27 वर्षं फार्मासिस्ट होते. आज सांगणार आहे त्यातलं थोडं शिक्षणातून आलंय, बाकीचं ठेच लागून.

यजमान गेले त्यानंतर माझी झोप उडाली. दहाला अंथरुणावर पडायचे, एकला डोळा लागायचा, तीनला टक्क जाग. मग घड्याळ, मग नामस्मरण, मग पुन्हा घड्याळ. मुलगा-सून दिवसभर दमलेली, त्यांना काय उठवायचं? दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी, नावापुढे 'पीएम' लिहिलेली गोळी घेऊन आले. तीन आठवड्यांनी रात्री बाथरूमला उठले, तोल गेला, मनगट मोडलं. सुनेला सांगितलं, गालिचा सरकला. इमर्जन्सीत विचारलं, काय काय औषधं घेता? बीपीची सांगितली, साखरेची सांगितली, ही सांगितली नाही. लाज वाटली. सारा जन्म काउंटरपलीकडून मीच लोकांना सांगत आले होते, "तुमच्या वयाला ही गोळी नको." सून आज मागे चहाच्या टेबलापाशी उभी आहे. तीही हे आत्ताच ऐकते आहे.

टायलेनॉल पीएम, ॲडव्हिल पीएम यांत डायफेनहायड्रामिन असतं. म्हणजे बेनाड्रिलमधलं ॲलर्जीचं औषध. उतारवयात ते शरीरातून हळू बाहेर पडतं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, पुरुषांना लघवी अडणं, कधी चक्क भ्रम झाल्यासारखं बोलणं. आणि रोज घेतलं तर झोप आणण्याचा गुणही लवकर ओसरतो. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ज्येष्ठांनी टाळायच्या औषधांची 'बिअर्स' यादी काढते, त्यात हे आहे. लोराझेपाम, अल्प्राझोलाम आणि ॲम्बियन म्हणजे झोल्पिडेमही त्याच यादीत आहेत. झोल्पिडेमच्या माहितीपत्रकावर झोपेत चालणं, गाडी चालवणं याबद्दल एफडीएने 2019 मध्ये चौकटीतला कडक इशारा घातला. भारतातून येताना आणलेली अल्प्राझोलामची पट्टी कुणाकुणाच्या पर्समध्ये आहे, ते मला ठाऊक आहे, नावं घेत नाही. पण आज माझं ऐकून ती उद्या एकदम बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेली अशी गोळी अचानक सोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायची.

मेलाटोनिनचं बरेच जण विचारतात. इथे ते पूरक म्हणून विकतात, औषधासारखी त्याची विक्रीआधी तपासणी होत नाही. बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत असेल याची खात्री नाही.

आता झोप जाते का? वय वाढलं की झोप पातळ होते आणि शरीराचं घड्याळ थोडं लवकर चालायला लागतं, हे सगळ्यांचंच. पण आपल्या घरांत आणखी काही गोष्टी आहेत. थंडीत चार-चार महिने आपण उन्हात जात नाही. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही. मग जेवण झालं की वामकुक्षी, ती दोन तासांची. पाचला चहा. चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. आणि रात्री साडेनऊला पुण्यात उन्हाळ्यात सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे आपण आडवं व्हायच्या वेळेला तिकडून 'सुप्रभात' यायला लागतं! मग बहिणीचा फोन, आजारपणं, जमिनीचा वाद. एवढं डोक्यात भरून कोण झोपेल?

काही कारणं मात्र डॉक्टरांनीच शोधायची. घोरणं मध्येच थांबून गुदमरल्यासारखा श्वास येत असेल तर स्लीप ॲप्निया असू शकतो. बायकांनाही होतो. त्याची तपासणी घरीही करता येते, डॉक्टरांनी लिहून दिली तर मेडिकेअर ती बघतं. अशा माणसाने मनाने झोपेची गोळी घेणं फार धोक्याचं. रात्री पाय वळवळतात त्यांनी रक्तातलं लोह तपासून घ्यावं. पाण्याची गोळी संध्याकाळी घेत असाल तर सकाळी घेता येईल का, विचारा.

गोळीशिवायचा उपाय मला माझ्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितला. सीबीटी-आय म्हणतात त्याला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा. ऐकायला उलटा वाटतो. झोप येत नाही, तर अंथरुणात कमी वेळ घालवायचा. मी आठ तास पडून साडेपाच तासच झोपत होते. बाई म्हणाल्या, मग बारा ते साडेपाचच पडा. उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे पेंगले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं.

बारापर्यंत जागायचं कसं? टीव्ही नको, फोन नको. मी फुलवाती वळायला घेतल्या. त्या वर्षी मंदिरात लागलेल्या बऱ्याचशा वाती माझ्या निद्रानाशातल्या आहेत! पहिले दोन आठवडे जीव नको झाला, गाडीला हातही लावला नाही. मग रात्री सलग लागायला लागल्या. झोप भरली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. आता साडेसहा तास होतात. फिट येणाऱ्यांनी किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. व्हेटरन्स अफेअर्स खात्याचं 'इन्सोम्निया कोच' नावाचं फुकट ॲप आहे, कुणीही वापरू शकतं. इंग्रजीत आहे, नातवंडांना शेजारी बसवा.

यजमानांची आठवण काही गेलेली नाही. अजूनही कधी तीनला जाग येते, तेव्हा उठून वाती वळते. पण जेवण नकोसं झालं असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ते केवळ झोपेचं दुखणं नाही. मुलांना सांगा, डॉक्टरांना सांगा. 988 हा नंबर रात्री अडीचलाही उचलतात.

सेवा समितीच्या वतीने दोन विनंत्या. येत्या रविवारी महाप्रसादानंतर मी आणि आणखी दोघे निवृत्त फार्मासिस्ट खालच्या हॉलमध्ये बसणार आहोत. घरातल्या सगळ्या गोळ्या, भारतातल्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणा. कुणी रागावणार नाही, मी तर नाहीच. आणि ज्यांना गाडी चालवता येते त्यांनी आठवड्यातून एक सकाळ द्यावी. ज्यांना न्यायला कुणी नाही अशा नऊ जणांना साडेआठला रूझवेल्ट पार्कमध्ये उन्हात फिरायला न्यायचंय. गाड्या सध्या दोनच आहेत. नावं दाराशी असलेल्या वहीत लिहा.